पंखा उतरवताना आणि बसवताना

मुंबई बंदरातली ऑक्टोबरची संध्याकाळ. शिडं उतरवून झाली होती आणि इंजिनवर सावकाश मोरिंगकडे येत होतो. बोया हाताच्या अंतरावर आला तसा वेग मारायला रिव्हर्स टाकला. पायाखालून ‘टक्’ असा एकच आवाज आला. इंजिन चालू, शाफ्ट फिरतोय, पण होडी पुढेच चाललेली. नांगर टाकून तिला कशीबशी थांबवली. पुढच्या उधाणाच्या ओहोटीला ती किनाऱ्यावर कोरडी झाली तेव्हा खाली वाकून पाहिलं. पंखा शाफ्टवर सैल फिरत होता, चावी कातरली गेली होती, टेपरवर गोल चरे पडले होते. पंखा समुद्रात गेला नाही तो केवळ मागच्या दोन नटांमुळे.

महिन्याभरापूर्वीच तो पंखा एका कारखान्यात काढून पुन्हा बसवला होता. नवी चावी किंचित उंच झाली होती, इतकंच. बसवताना मी शेजारीच उभा होतो, पण काय तपासायला सांगावं हे तेव्हा मला माहीत नव्हतं. ते माहीत असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. ती दहा मिनिटं तुमच्या हातून निसटू नयेत म्हणून हा लेख.

शिडाच्या होडीला पंखा कशाला, असं कुणी विचारतं. वारा पडला, ओढ उलटी लागली, गर्दीच्या बंदरात वळायचं झालं, की सगळा भरवसा त्या तीन पात्यांवर असतो. नेमक्या अशा वेळी तो सुटला तर शीड चढवायलाही अवधी मिळत नाही.

आधी एवढं समजून घ्या

शाफ्टचं मागचं टोक निमुळतं असतं. त्याला टेपर म्हणतात. पंख्याच्या मधल्या गाभ्याला, म्हणजे हबला, आतून तसाच निमुळता छेद असतो. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांत घट्ट रुतले की त्यांच्या घर्षणावर पंखा फिरतो. सगळं बळ टेपर पेलतो. चावी ही खाचेत बसणारी धातूची चौकोनी पट्टी, ती जोडीला असते. नटाचं काम हबला टेपरवर दाबून ठेवण्याचं.

होडी पुढे जाते तेव्हा पाण्याचा जोर पंख्याला टेपरवर आणखी घट्ट ढकलतो. रिव्हर्समध्ये तोच जोर त्याला शाफ्टवरून मागे ओढतो. म्हणून चुकीचा बसलेला पंखा आठवडेच्या आठवडे पुढे निमूट चालतो आणि दगा देतो तो रिव्हर्समध्ये, धक्क्याजवळ.

हे डोक्यात राहिलं की पुढच्या बहुतेक सूचना आपोआप पटतात. काढताना टेपर दुखावायचा नाही आणि बसवताना हब टेपरवरच बसला पाहिजे.

केव्हा आणि कुठे

सगळ्यात सोयीचा काळ मे महिन्याचा. पावसाळ्याआधी होडी वर काढलेलीच असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे मच्छीमार नौकाही किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात आणि वर्षानुवर्षं पंखे उतरवलेले हात आजूबाजूला भेटतात. त्यांना विचारायला संकोच करू नका. मात्र कारागिरांचीही हीच घाईची वेळ, तेव्हा पंखा ओढून काढायचा पुलर आणि माणूस आधी ठरवून ठेवा.

मधल्या हंगामात काम निघालं तर भरती-ओहोटीचा आधार घ्यायचा. मुंबईत उधाणाला पाण्याचा चढउतार ४ मीटरच्या वर जातो. त्यामुळे सपाट, कठीण तळाच्या जागी भरतीला होडी आणून, धक्क्याला किंवा भक्कम टेकूंना नीट बांधून, ओहोटीला ती कोरडी करता येते. गोव्यात हा फरक साधारण २ मीटरचाच, तिथे खोल कील असलेल्या होडीला स्लिपवे किंवा क्रेनच बरी.

वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना हिशोब आजही उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीचे तास येतात. अष्टमीला सहा वाजता, अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. म्हणजे उधाणाच्या दिवसांत दुपारच्या भरतीला होडी लावली तर तीनच्या सुमारास पंखा उघडा पडतो आणि अंधार पडेपर्यंत तीन-साडेतीन तास उजेडातले मिळतात. पहाटेच्या ओहोटीला यातला बराचसा वेळ अंधारात जातो.

इथे एक धोका आहे. उधाणाच्या सर्वोच्च भरतीला होडी कधीही लावू नका. त्यानंतरची प्रत्येक भरती आधीपेक्षा कमी चढते, भांग येतो, आणि होडी पुढच्या उधाणापर्यंत तिथेच अडकते. उधाण चढत असताना, शिखराच्या दोन-तीन दिवस आधी लावा. दिवसाची आणि रात्रीची भरतीही सारखी नसते. मुंबईत पावसाळ्याच्या तोंडावर दिवसाची मोठी असते, हिवाळ्यात रात्रीची. तेव्हा तिथीच्या हिशोबावर दिवस ठरवा, पण मीटर आणि मिनिटं छापील वेळापत्रकातूनच घ्या.

पाण्याखाली बुडी मारून पंखा काढणारे आहेत. मुंबईच्या गढूळ, ओढीच्या पाण्यात, जिथे स्वतःचा हात दिसत नाही, तिथे हे काम हौशी माणसाने करू नये. निवळ पाण्यातही नट हातून निसटला की गेला.

जवळ काय हवं

नटाच्या मापाचे दोन पाने (पकड पाना नव्हे, तो नटाच्या कडा खातो), पुलर, सागाचा किंवा दुसऱ्या कठीण लाकडाचा ठोकळा, तांब्याचा किंवा नायलॉनचा हातोडा, गंज सोडवणारं तेल, हॉट एअर गन, व्हॉल्व्ह घासायची ग्राइंडिंग पेस्ट, प्रशियन ब्लू, बारीक पॉलिश पेपर, रॉकेल, चिंध्या, मार्कर, नवी स्प्लिट पिन आणि शाफ्टवर लावायचा जस्ताचा नवा तुकडा. खाली एक जुनी ताडपत्री अंथरा. चिखलात पडलेली चावी शोधण्यात ओहोटी संपते.

पुलरचे दोन प्रकार मिळतात. तीन पायांचा गिअर पुलर साध्या पंख्याला चालतो, पण पाय हबच्या मागे पकडले पाहिजेत, पात्यांच्या कडांना नाही. दुसरा दोन जाड पट्ट्यांचा. एक पट्टी हबच्या पुढच्या बाजूला, दुसरी शाफ्टच्या टोकामागे, मध्ये लांब बोल्ट. जागा अरुंद असेल तिथे हाच बरा. कोणताही पेठेतला लेथवाला तो बनवून देतो.

उतरवण्याचा क्रम

सुरुवात होडीच्या आत करा. इंजिनची किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवा, बॅटरीचा मुख्य स्विच बंद करा. खाली कुणाचे हात पात्यांत असताना वर कुणी चुकून स्टार्टर दाबला तर काय होईल हे सांगायला नको.

१. हब, नट आणि शाफ्टचं टोक खरवडून साफ करा. आपल्या पाण्यात महिनाभर उभ्या होडीवरही शिंपल्या धरतात, आणि आट्यांतल्या शिंपल्यांवरून नट फिरवला तर आटे जातात.

२. काही सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. जस्त कुठे, कोणता नट आधी, पिन कुठल्या भोकातून. हबपासून शाफ्टच्या बेअरिंगपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा.

३. जस्त आणि स्प्लिट पिन काढा. जुनी पिन फेकून द्या.

४. पातं आणि होडीचा तळ यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा, पात्याच्या मुळाजवळ टेकवा म्हणजे शाफ्ट फिरणार नाही. सुकाणूला टेकवू नका. शाफ्टला पाइप पाना लावू नका. गिअर टाकून गिअरबॉक्सच्या जिवावर नट सोडवू नका.

५. दोन नट असतील तर आतला एका पान्याने धरून बाहेरचा सोडवा. तो काढून घेतला तरी चालतो. मग आतला तीन-चार आटे ढिला करा आणि तिथेच थांबा. तो पूर्ण काढायचा नाही. टेपर सुटतो तेव्हा हळू सुटत नाही, बंदुकीच्या बारासारखा सुटतो, आणि पंधरा-सोळा इंची ब्राँझचा पंखा मागे उडून पायावर पडू शकतो. ढिला ठेवलेला नट त्याला जागच्या जागी थोपवतो.

६. पुलर लावा. मधला बोल्ट शाफ्टच्या टोकाच्या बरोबर मध्यावर येऊ द्या, मध्ये तांब्याची चकती ठेवा. ताण द्या. मग थांबा. पुलरच्या बोल्टच्या डोक्यावर एक टोला, पुन्हा थोडा ताण, पुन्हा थांबणं. तेल आत झिरपायला वेळ लागतो. आदल्या दिवशी तेल सोडता आलं तर फारच उत्तम.

७. तरीही हलत नसेल तर उष्णता. हॉट एअर गनने फक्त हब, सगळीकडून सारखा, फिरवत फिरवत गरम करा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र झाला की पुरे. हब फुगतो, शाफ्ट अजून थंड असतो, आणि पकड सुटते. बेअरिंगच्या आतलं रबर जपायला त्यावर ओल्या चिंध्या गुंडाळा. ज्वाळेचा बर्नर वापरायचा मोह आवरा, वर फायबरग्लास आहे आणि जमिनीवर तेल सांडलेलं आहे.

पंखा ‘टण्’ करून सुटतो. पहिल्यांदा हा आवाज ऐकला की माणूस दचकतोच.

आता जे कधीच करायचं नाही ते. शाफ्टच्या टोकावर घण घालायचा नाही. तो टोला शाफ्टमधून थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगपर्यंत जातो, टोक फुलतं, आटे चेपतात आणि मग नट निघतही नाही, बसतही नाही. पात्यांवरही ठोकायचं नाही. पंखा ताकदीला कमी आणि सततच्या ओढीला जास्त ऐकतो.

पंखा उतरला की मोकळ्या शाफ्टला दोरी बांधून ठेवा. आत कपलिंग सोडलं असेल तर शाफ्ट मागे सरकून सुकाणूवर आदळू शकतो. होडी पाण्यात असेल तर शाफ्टच्या भोकातून पाणी आत येईल.

हातात आला की नीट पाहा

वर्षभर पाण्याखाली असलेली वस्तू आज तुमच्या मांडीवर आहे. घाई करू नका.

पंखा दोरीला टांगून लाकडी दांड्याने हलकेच वाजवा. निकोप ब्राँझ घंटेसारखा नाद देतो. ‘थड्’ असा बोदा आवाज आला तर आत भेग आहे किंवा धातू पोखरला आहे. पॉलिश पेपरने कोपरा घासून रंग पाहा. पिवळसर सोनेरी हवा. गुलाबी, तांबूस ठिगळं दिसली तर मिश्रधातूतलं जस्त निघून गेलंय आणि मागे ठिसूळ तांबं उरलंय. बाजारात ‘मँगनीज ब्राँझ’ नावाने मिळणारे पंखे प्रत्यक्षात पितळेच्याच कुळातले, त्यांत जस्त भरपूर, म्हणून हा रोग त्यांना लवकर लागतो. निकेल-अॅल्युमिनियम ब्राँझ महाग पडतं पण खाऱ्या पाण्यात जास्त टिकतं.

हबवर कोरलेले आकडे वहीत उतरवून घ्या. ‘१६ × ११’ म्हणजे व्यास १६ इंच, पिच ११ इंच, पहिला आकडा नेहमी व्यासाचा. शेजारी उजवा की डावा याची खूण असते. मागून पाहिलं असता पुढे जाताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो तो उजवा. नवा पंखा मागवायची वेळ आली तर टेपरही तपासून सांगा. मेट्रिक शाफ्टचा टेपर १:१० असतो, अमेरिकी मापाचा १:१६. डोळ्यांना दोन्ही सारखेच वाटतात, पण एकाचा पंखा दुसऱ्यावर नुसता टोकाशी टेकतो.

शाफ्ट हाताने वरखाली हलवून पाहा. ठळक हालत असेल तर रबरी बेअरिंग झिजलंय, आणि पंखा उतरलेला असताना ते बदलणं सोपं जातं. स्टेनलेसचा शाफ्ट बेअरिंगच्या आत, जिथे पाणी साचून राहतं आणि प्राणवायू पोचत नाही, तिथे खड्डे पडून खाल्ला जातो. शाफ्ट थोडा मागे सरकवता आला तर तेवढा भाग जरूर पाहा.

बसवणं: इथे खरं काम

टेपर आणि हबचा छेद रॉकेलने पुसा, मग थिनरने. जुनं ग्रीस, मीठ, ग्राइंडिंग पेस्ट, काहीही राहता कामा नये.

आता ती दहा मिनिटं.

चावी बाजूला ठेवा. पंखा नुसता टेपरवर सरकवा, हाताने घट्ट दाबा आणि हबच्या पुढच्या कडेला लागून शाफ्टवर मार्करने बारीक रेघ मारा. पंखा काढा. चावी खाचेत बसवा, पुन्हा पंखा तेवढ्याच जोराने सरकवा. हब त्याच रेघेपर्यंत आला का? आला तर तो टेपरवर बसला. रेघेच्या अलीकडे थांबला, अगदी २-३ मिलिमीटर का असेना, तर तो चावीच्या डोक्यावर चढून थांबलाय. नट कितीही आवळा, तो घट्ट वाटेल, पण टेपरची पकड शून्य. माझ्या पंख्याचं असंच झालं होतं. ती एक रेघ मारली असती तर माझा टेपर वाचला असता.

इलाज साधा आहे. चावी दोन्ही बाजूंनी खाचेत घट्ट, हाताने दाबून बसेल अशी हवी, पण तिच्या डोक्यावर मोकळीक हवी. कानसीने तिचा माथा थोडा थोडा घासत रेघेशी पुन्हा ताडून पाहा. बाजू घासू नका. खाचेचं पुढचं टोक गोल असेल तर चावीचं टोकही तसंच गोल हवं, नाहीतर ती पुढे टेकून वर उचलली जाते.

पंखा नवा असेल किंवा टेपरवर चरे असतील तर मीलन तपासा. टेपरवर प्रशियन ब्लूचा पातळ हात फिरवा, चावीशिवाय पंखा दाबून काढा आणि हबच्या आत पाहा. निळा रंग किमान ७० टक्के भागावर सारखा उमटला पाहिजे. एकाच टोकाला उमटला तर ग्राइंडिंग पेस्ट लावून पंखा पाव-पाव फेरा मागेपुढे फिरवत घासा, पुसा, पुन्हा ब्लू. हे जात्यावर बसल्यासारखं काम आहे, सावकाश चालतं. घासताना हब थोडा पुढे सरकतो. बेअरिंग आणि हब यांच्यात पाणी खेळायला जागा उरली आहे ना ते आधी लिहून ठेवलेल्या अंतराशी ताडा. काम संपल्यावर पेस्टचा कणही ठेवू नका.

टेपर कोरडाच बसवा, फार तर पातळ तेलाचा पुसटसा हात. ग्रीसचा थर नको.

आता नट. दोन नट असतील तर पातळ आधी, जाड त्याच्यावर. पुष्कळ ठिकाणी उलटं बसवलेलं दिसतं, कारण मोठा नट आतमध्ये बरा दिसतो. पण बाहेरचा नट आवळला की हबचा सगळा ताण आतल्यावरून बाहेरच्यावर येतो, आणि ताण झेलणाऱ्याकडे आटे जास्त हवेत. आधी जाड नटानेच पंखा पूर्ण दाबून टेपरवर बसवा, मग तो काढून पातळ लावा आणि त्यावर जाड आवळा. ठोकळा आता पात्याच्या दुसऱ्या बाजूला. खाचांचा एकच नट असेल तर पिनचं भोक जुळवायला नट पुढे आवळा, मागे ढिला करून जुळवू नका. नवी स्प्लिट पिन घाला, दोन्ही पाय दुमडा.

शेवटी नट आणि हब यांच्यावरून रंगाची एक सरळ रेघ ओढा. पुढच्या ओहोटीला नुसतं वाकून पाहिलं तरी नट फिरला की नाही कळतं.

जस्त विसरू नका

ब्राँझचा पंखा, स्टेनलेसचा शाफ्ट आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली. यात कुणीतरी झिजणारच. झिजावं कुणी, हे आपण ठरवायचं, म्हणून शाफ्टवर जस्ताचा तुकडा लावतात. समुद्राच्या पाण्यात जस्त योग्य, पण होडी बराच काळ खाडीच्या मचूळ पाण्यात उभी राहत असेल तर अॅल्युमिनियमचा अॅनोड चांगला. बसवायची जागा घासून चकचकीत करा, धातूला धातू लागला पाहिजे. त्यावर तळाचा रंग कधी लावू नका, झाकलेलं जस्त कुणाचंच रक्षण करत नाही. अर्धं झिजलं की बदला.

दुमडणारे पंखे आणि सेलड्राइव्ह

शिडावर जाताना पाती मिटून ओढ कमी करणाऱ्या फोल्डिंग पंख्यात पाती पिनांवर आणि दातऱ्यांवर चालतात. पाती एकत्र मिटावीत म्हणून ती ठरावीक दातावर जुळवलेली असतात. उतरवण्याआधी त्यावर खुणा करा. फेदरिंग पंख्याच्या पोटात ग्रीस असतं, ते दर वर्षी भरा. सेलड्राइव्हवर टेपर नसून दातेरी शाफ्ट असतो, तिथे ग्रीस लावायचंच असतं आणि सील जपायचं असतं. या तिन्ही प्रकारांत निर्मात्याचं पुस्तक उघडं ठेवून काम करा.

पाण्यात गेल्यावर

होडी तरंगायला लागली की आधी आत जाऊन शाफ्ट आत शिरतो तिथली ग्लँड पाहा. पॅकिंगची जुन्या पद्धतीची ग्लँड शाफ्ट फिरताना थेंब थेंब गळते, ते ठीक. धार लागली तर नाही. कोरड्या जमिनीवर असताना इंजिन गिअरमध्ये चालवून पाहू नका. रबरी बेअरिंगला पाणीच तेल असतं.

मग दोर घट्ट बांधूनच पाच मिनिटं पुढे, पाच मिनिटं रिव्हर्स. हात शाफ्टच्या कपलिंगजवळच्या लाकडी चौकटीवर ठेवून थरथर जोखा, शाफ्टवर नाही. आधीपेक्षा जास्त थरथर असेल तर पात्याला मुका मार आहे किंवा पंखा तिरका बसलाय.

आणि पहिल्यांदा बाहेर पडाल तेव्हा मोकळ्या पाण्यात, धक्क्यापासून दूर, एकदा जोरात रिव्हर्स टाकून पाहा. बसवणाऱ्याची खरी परीक्षा तिथेच होते. तिथे काही सैल निघालं तर वारा आहे, शीड आहे, नांगर आहे. माझ्यावर ती वेळ बोयापासून हातभर अंतरावर आली होती.